गंभीर घटनांचा विनोद करावा काय?

सकाळीं वर्तमानपत्र दारांत पडलें म्हणजे घरांतील माणसें तें आपापल्या परीनें वाटून घेतात. वडील मंडळी पहिल्या पानावरील राजकारण वाचतात, कोणी बाजारभाव पाहतो, कोणी खेळांचें पान उघडतो. आणि घरांतील लहान मूल सरळ त्या कोपऱ्याकडे वळतें, जेथें तीनचार चौकटींत कालचींच ओळखीचीं माणसें आज कांहीं तरी नवें बोलत असतात. इंग्रजींत जिला कॉमिक स्ट्रिप म्हणतात त्या चित्रमालिकेचा हा कोपरा म्हणजे वर्तमानपत्राचें अंगण होय. दिवाणखान्यांत कितीहि गंभीर खलबतें चालोत, अंगणांत मुलांनीं खेळावें, अशी आपली समजूत असते. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ह्यांचा 'चिंटू' १९९१ सालीं पुण्याच्या एका दैनिकांत अवतरला, आणि पुष्कळ मराठी घरांत हें अंगण त्याच्या मालकीचें झालें.

परंतु पहिल्या पानावर जर युद्धांत पडलेल्यांचे आंकडे असतील, दुष्काळाची वार्ता असेल, एकाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या अपराधाची चौकशी चालूं असेल, तर त्या गोष्टींचा विनोद ह्या अंगणांत येऊं द्यावा काय? 'देऊं नये' असें म्हणणारे सुजाण लोक पुष्कळ आहेत. मीहि पुष्कळ दिवस त्यांच्यांतलाच एक होतों. तें मत मीं कां बदललें, आणि बदललें तरी कितपत बदललें, हेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

विरोधकांचे आक्षेप हलके नाहींत. पहिला आक्षेप दुःखिताच्या बाजूचा आहे. ज्या घरांत माणूस गेलें आहे त्या घरावरून वरात जाऊं लागली तर वाजंत्री थांबवावी, एवढी रीत लहानशा खेड्यांतहि पाळतात. मग सुतक असलेल्या घराच्या दारांतहि जें वर्तमानपत्र पडतें, त्यानें ती कां पाळूं नये? दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूचा. अग्रलेखाशेजारचें व्यंगचित्र पाहणारा मनाची तयारी करून पाहतो. चित्रमालिकेकडे धांवणारें मूल तशी तयारी करून आलेलें नसतें. तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. विनोदानें संतापाची वाफ निघून जाते. ज्या अन्यायानें माणसानें जागेवरून उठावें, त्या अन्यायावर तो हसतो, आणि हसून झाल्यावर आपलें कर्तव्य आटोपलें अशा समाधानानें चहाचा पेला उचलतो.

ह्यांतच ह्या कलेच्या धंद्याची एक अडचण मिळवावी. अमेरिकेसारख्या देशांत चित्रकार एकटा असतो, पण त्याची मालिका सिंडिकेट नांवाची मध्यस्थ संस्था शेंकडों वर्तमानपत्रांना विकते. त्यासाठीं चित्रें छापून येण्याच्या कांहीं आठवडे आधीं काढून द्यावीं लागतात. काढतांना जें हलकें वाटलें तें छापून येईपर्यंत जड झालेलें असूं शकतें. शिवाय तोच विनोद त्याच सकाळीं अनेक गांवांतील घरांत एकदम शिरतो. त्यांतील कोणत्या घरीं काल काय घडलें आहे, हें चित्रकाराला कळण्याचा मार्ग नाहीं.

हें सर्व मान्य असूनहि माझें मत डळमळलें, त्याला एक रानमांजर कारण झालें.

वॉल्ट केली हा अमेरिकन चित्रकार 'पोगो' नांवाची मालिका काढीत असे. जॉर्जिया राज्यांतील ओकेफेनोकी दलदलींत राहणारे प्राणी हीं तिच्यांतील पात्रें. वरवर पाहणाराला सगळा प्रकार मुलांच्या गोष्टीसारखा वाटावा. इकडे १९५० च्या फेब्रुवारींत सिनेटर जोसेफ मॅकार्थी ह्यांनीं एका सभेंत सांगितलें कीं, सरकारच्या परराष्ट्रखात्यांत कम्युनिस्ट दडून बसले आहेत व त्यांची यादी आपल्या हातांत आहे. त्यानंतर चारपांच वर्षें त्या देशावर संशयाचें राज्य चाललें. प्राध्यापक, लेखक, नट, सरकारी नोकर ह्यांपैकीं पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. आणि जे उरले ते, आपण काय बोललों हें कोणी ऐकलें तर नाहीं ना, म्हणून मागें वळून पाहूं लागले.

१९५३ च्या मे महिन्यांत ह्या दलदलींत बंदूक घेतलेलें एक रानमांजर शिरलें. त्याचें नांव सिंपल जे. मलार्की. 'मलार्की' ह्या शब्दाचा तिकडच्या बोलींतला अर्थ 'थापा' असा आहे, आणि त्या रानमांजराचा चेहरा तर हुबेहूब मॅकार्थींचा होता. पुढें प्रॉव्हिडन्स गांवच्या एका वर्तमानपत्रानें बजावलें कीं, हा चेहरा पुन्हां दिसला तर आम्ही मालिका बंद करूं. केलीनें चेहरा दाखवला नाहीं. प्रॉव्हिडन्सहून एक कोंबडी दलदलींत आली आहे, आणि तिनें आपल्याला पाहूं नये म्हणून मलार्की डोक्यावर पिशवी ओढून घेत आहे, असें त्यानें काढलें. पिशवी चढतांच तो निग्रोंचा छळ करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या बुरखेवाल्यांसारखा दिसूं लागला! मॅकार्थींच्या उतरणीचा आरंभ म्हणून एडवर्ड मरो ह्यांच्या ज्या टेलिव्हिजन कार्यक्रमाकडे बोट दाखवितात, तो ९ मार्च १९५४ चा. सिनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं त्यांचा निषेध केला तो २ डिसेंबर १९५४ रोजीं. रानमांजर मरोंच्या कार्यक्रमापूर्वीं दहा महिने आलेलें होतें. त्यानें मॅकार्थींना पाडलें असें मी म्हणत नाहीं. चित्रांनीं सत्ता पडत नसते. परंतु ज्या वेळीं मोठमोठे लोक दबक्या आवाजांत बोलत होते, त्या वेळीं मुलांच्या कोपऱ्यांतील एक चित्र मोठ्यानें बोललें, एवढें खरें.

ह्या उदाहरणाचा मी विचार करूं लागलों, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. प्रसंग गंभीर होता, माणसांचीं आयुष्यें उध्वस्त होत होतीं, तरी केलीचा विनोद कोणाला खुपत नाहीं. कां? तो नोकरी गेलेल्या प्राध्यापकावर नव्हता. तो ज्याच्यावर होता त्याच्या हातीं सिनेटचें व्यासपीठ होतें, चौकशी-समितीचें अध्यक्षपद होतें, वर्तमानपत्रांचीं पहिलीं पानें होतीं. त्याला उत्तर द्यावयाचें असतें तर एका दिवसांत तें देशभर गेलें असतें. आपला तमाशांतला सोंगाड्याहि ह्याच न्यायानें वागतो. तो राजाची फजिती करतो, प्रधानाची करतो, पाटलाची करतो. समोर बसलेल्या आंधळ्याची करूं लागला तर प्रेक्षकच त्याला खालीं बसवतील.

तेव्हां मीं मनाशीं एक नियम बांधला. प्रसंग किती गंभीर आहे हें पाहूं नये. ज्याच्यावर विनोद करावयाचा त्याला उत्तर देतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. ज्याला उत्तर देतां येतें त्याच्यावर करावा; ज्याला येत नाहीं त्याच्यावर करूं नये. मेलेला माणूस उत्तर देत नाहीं. ढिगाऱ्याखालचें मूल उत्तर देत नाहीं. मंत्री देऊं शकतो, सेनापति देऊं शकतो, गिरणीमालक देऊं शकतो. नियम सोपा आहे. परंतु सोप्या नियमाला कसोटीवर घासून पाहिलें पाहिजे, म्हणून आणखी कांहीं उदाहरणें घेऊं.

गॅरी ट्रूडो ह्यांची 'डून्सबरी' ही मालिका १९७० सालापासून अमेरिकन वर्तमानपत्रांत येऊं लागली. १९७३ च्या मे महिन्यांत, वॉटरगेट प्रकरण ऐन रंगांत असतांना, तिच्यांतील मार्क नांवाचा विद्यार्थी नभोवाणीवरून माजी ॲटर्नी जनरल जॉन मिचेल ह्यांची माहिती देत आहे असें दाखविलें होतें. निःपक्षपातीपणाच्या गोष्टी सांगतां सांगतां तो शेवटच्या चौकटींत मिचेल अपराधी असल्याचें आनंदानें ओरडून जाहीर करतो. कांहीं पत्रांनीं तो हप्ता गाळला. त्यांत वॉशिंग्टन पोस्ट होतें, हें विशेष. कारण वॉटरगेटचा पाठपुरावा करण्यांत तेंच पत्र सर्वांच्या पुढें होतें. त्याचें म्हणणें असें कीं, आरोपीचा अपराध न्यायालयानें ठरवावयाचा, चित्रमालिकेनें नव्हे.

पुढें १ जानेवारी १९७५ रोजीं मिचेल दोषी ठरले, आणि त्याच वर्षीं ट्रूडोंना संपादकीय व्यंगचित्रांचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ही पहिलीच चित्रमालिका. म्हणून ट्रूडो बरोबर व पोस्ट चूक, असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. मिचेल मोठे होते, पैसेवाले होते, उत्तर देण्यास समर्थ होते. परंतु त्यांचें खरें उत्तर न्यायालयांत व्हावयाचें होतें, आणि तें अजून झालें नव्हतें. चित्रकाराचा तर्क मागाहून खरा ठरला, म्हणून त्या दिवशीं त्याच्याजवळ पुरावा होता असें होत नाहीं. ह्यावरून नियमाला एक पुरवणी जोडावी लागते: उत्तर देण्याचें सामर्थ्य असणें पुरेसें नाहीं, उत्तराची वेळहि यावी लागते. आतां ह्यावर कोणी म्हणेल कीं, मार्कचा तो उतावळेपणा हाच तेथें विनोदाचा विषय होता, खुद्द मिचेल नव्हेत. हें म्हणणें मला पटण्याजोगें वाटतें. पण शेंकडों गांवांतील वाचकांपैकीं कितीजणांनीं तो बारकावा पाहिला असेल?

ह्या बारकाव्याच्या प्रश्नावरून एक जुनें ब्रिटिश चित्र आठवतें. ती मालिका नव्हे, एकच व्यंगचित्र. पण तोकड्या जागेंत बोलणाऱ्या सर्व चित्रांना लागूं पडणारी अडचण त्याच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाहीं. १९४२ च्या मार्चमध्यें डेली मिरर पत्रांत फिलिप झेक ह्या चित्रकाराचें हें चित्र आलें. काळोख्या समुद्रांत एक खलाशी तराफ्याला कसाबसा चिकटून पडलेला आहे. खालीं ओळ अशी कीं, पेट्रोलची किंमत एक पेनीनें वाढल्याचें अधिकृतपणें कळतें. जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजें बुडवीत होत्या. पेट्रोलच्या थेंबाथेंबामागें कोणाचा तरी जीव गेलेला आहे, तें उधळूं नका, असें झेकला सुचवावयाचें होतें. सरकारला त्यांत निराळेंच दिसलें: तेलकंपन्यांच्या नफ्यासाठीं खलाशी मरत आहेत, असा आरोप चित्रकार करीत आहे! चर्चिल संतापले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन ह्यांनीं पत्राच्या चालकांना बोलावून पत्र बंद करण्याची ताकीद दिली, आणि पार्लमेंटांत त्यावर कडाक्याची चर्चा झाली. शेवटीं पत्र बंद पडलें नाहीं.

येथें चित्रकारानें विनोद केलाच नव्हता. पण ज्या जागेंत रोज टोमणा असतो त्या जागेंतील गंभीर उद्गारहि लोक टोमणा म्हणूनच वाचतात. बुडणारा खलाशी उत्तर देऊं शकत नव्हता; झेक त्याला हसला नाहीं, त्याच्या वतीनें बोलला, म्हणून माझ्या मतें तो निर्दोष आहे. तथापि तीन इंच जागेंत बोलणाऱ्यानें हें गृहीत धरलें पाहिजे कीं, आपल्या शेजारीं उभें राहून अर्थ समजावून सांगावयास आपण असणार नाहीं.

आतां दुःखिताच्या आक्षेपाकडे वळूं. दुःखितावर हसूं नये हें खरें; पण दुःखित स्वतःच हसूं लागला तर? दुसऱ्या महायुद्धांत बिल मॉल्डिन हा तरुण अमेरिकन सैनिक लष्करी वर्तमानपत्रांत विली व जो ह्या दोन शिपायांचीं चित्रें काढीत असे. दाढी वाढलेली, कपडे चिखलानें भरलेले, डोळ्यांत झोंप. इटलीच्या डोंगरांतील त्यांची दैना हाच विनोदाचा विषय. शिपायांना तीं चित्रें अतिशय आवडत. आवडलीं नाहींत तीं जनरल पॅटन ह्यांना. असल्या गबाळ्या शिपायांचीं चित्रें काढल्याबद्दल त्यांनीं १९४५ सालीं मॉल्डिनला समोर उभा करून खडसावलें. त्याच वर्षीं त्याला पुलित्झर मिळालें. त्या वेळीं तो अवघा २३ वर्षांचा होता. मॉल्डिन स्वतः चिखलांत बसलेला होता, युद्धांत जखमीहि झालेला होता. म्हणून त्याच्या चित्रांतला विनोद हा शिपायांवरचा विनोद नसून शिपायांनींच दिलेलें उत्तर होतें. दूरच्या शहरांत, गादीवर बसून, कोणी तींच चित्रें काढलीं असतीं तर शिपायांनीं तीं फाडून टाकलीं असतीं.

मग जो चिखलांत बसलेला नाहीं त्यानें काय करावें? ह्याचें उत्तर ट्रूडोंनींच तीस वर्षांनंतर दिलें. डून्सबरींत बी. डी. नांवाचें एक पात्र पहिल्यापासून आहे. हा गडी डोक्यावरचें शिरस्त्राण कधींच काढीत नसे. कॉलेजांत असतांना फुटबॉलचें, मग व्हिएटनामांत शिपायाचें; घरांतहि डोक्यावर शिरस्त्राण आहेच. हा विनोद वाचकांना तीस वर्षांहून अधिक काळ परिचयाचा होता. २००४ च्या एप्रिल महिन्यांत हा बी. डी. इराकच्या युद्धांत जखमी झाला, आणि डावा पाय गमावून खाटेवर पडलेला दिसला. त्या चित्रांत त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. इतक्या वर्षांत वाचकांना त्याचे केंस प्रथमच दिसले.

ह्या ठिकाणीं चित्रकारानें दुसरें कांहीं केलें नाहीं. फक्त आपला जुना विनोद काढून घेतला, आणि वाचकांच्या काळजाला चरका बसला. गंमत पाहा, त्याच आठवड्यांतील एका हप्त्यावर कांहीं संपादकांनीं आक्षेप घेतला तो बी. डी.च्या तोंडच्या एका शिवीबद्दल! त्याच वर्षीं मेअखेरच्या रविवारीं ट्रूडोंनीं चित्रांच्या जागीं इराकांत मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांचीं नांवें छापलीं. मरण पावलेल्यांवर विनोद नाहीं; त्यांचीं नांवें मात्र त्याच अंगणांत, मुलांच्या डोळ्यांसमोर. पुढें बी. डी.च्या उपचारांच्या हप्त्यांचें पुस्तक निघालें. त्याला सिनेटर जॉन मॅकेन ह्यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि त्याचें उत्पन्न जखमी सैनिकांच्या कुटुंबांना निवारा देणाऱ्या एका संस्थेला देण्यांत आलें. मॅकेन हे स्वतः व्हिएटनामांत युद्धकैदी होते, आणि इराकच्या युद्धाच्या बाबतींत ट्रूडोंच्या विरुद्ध मताचे होते. ज्यांना उत्तर देण्याचा अधिकार होता त्यांच्यापैकीं एकानें प्रस्तावना लिहिली, हेंच त्या चित्रांचें प्रशस्तिपत्र मी समजतों.

'इतक्या लौकर नको' असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले. पुढच्याच महिन्यांत ॲरन मॅग्रूडर ह्यांच्या 'बून्डॉक्स' मालिकेंतील ह्यूई हा लहानसा निग्रो मुलगा केंद्रीय तपासखात्याला फोन करून सांगूं लागला कीं, बिन लादेनच्या लोकांना शिकविणारे व पैसा पुरविणारे कांहीं अमेरिकन मला ठाऊक आहेत. आणि पहिलें नांव त्यानें माजी अध्यक्ष रेगन ह्यांचें घेतलें. न्यूयॉर्कच्या कांहीं पत्रांनीं ती मालिका कांहीं दिवस बंद ठेवली. माझ्या नियमाप्रमाणें विनोद निर्दोष आहे. तो मेलेल्यांवर नसून राज्यकर्त्यांवर आहे. तरीहि त्या संपादकांना मी भ्याड म्हणणार नाहीं. ज्या गांवांत अजून ढिगारे उपसणें चालूं होतें, त्या गांवानें कांहीं दिवस वाजंत्री थांबविली तर त्यांत वावगें काय? चित्रकारानें काढावें, संपादकानें आपल्या गांवाकडे पाहून ठरवावें. दोघेहि आपापल्या जागीं प्रामाणिक असूं शकतात.

शेवटचें उदाहरण आपल्या घरचें आहे, आणि माझ्या नियमाची खरी परीक्षा तेथेंच होते. १९४९ सालीं शंकर ह्या विख्यात व्यंगचित्रकारानें एक चित्र काढलें. राज्यघटना ही एक गोगलगाय आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आहेत. मागें पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. घटना तयार होण्यास उशीर होत आहे, एवढाच त्याचा त्या काळचा मथितार्थ. पुढें २००६ सालीं तें चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत घेण्यांत आलें, आणि २०१२ च्या मे महिन्यांत त्यावरून संसदेंत वादळ उठलें. एका महापुरुषावर, आणि तोहि दलित समाजाचा उद्धारकर्ता, त्याच्यामागें दुसऱ्यानें चाबूक उगारावा, हें दृश्य अनेकांना असह्य झालें. पुस्तकाच्या दोन सल्लागारांनीं राजीनामे दिले. त्यांतील एक पुण्याचे प्राध्यापक होते, व त्यांच्या विद्यापीठांतील कार्यालयाची कांहीं तरुणांनीं मोडतोड केली.

नियम काय सांगतो? बाबासाहेब कायदेमंत्री होते, मसुदा-समितीचे अध्यक्ष होते. त्यांना उत्तर देतां येत होतें, आणि त्यांनीं तें दिलेंहि. उशिराचा टोमणा केवळ चित्रांतच नव्हता. घटनासमितींतील एका सभासदानें मसुदा-समितीचें नांव बदलून तिला भरकटणारी समिति म्हणून हिणविलें होतें. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणांत बाबासाहेबांनीं त्याचा समाचार घेतला. निरनिराळ्या देशांच्या घटनांना किती काळ लागला तें सांगितलें. आपल्या मसुद्यांत ३९५ कलमें आहेत, ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यांत आल्या व त्यांपैकीं २,४७३ प्रत्यक्ष मांडण्यांत आल्या, हे आंकडे पुढें ठेवले. टोमण्याला हिशेबानें उत्तर! हें इतकें पुरें उत्तर आहे कीं, त्या चित्राशेजारीं हे आंकडे छापले असते तर विद्यार्थ्याला दोन्ही बाजू एकदम कळल्या असत्या.

परंतु मी येथेंच थांबलों तर तें अप्रामाणिक होईल. बाबासाहेबांना उत्तर देतां येत होतें. त्यांच्या मागें उभा असलेल्या समाजाला १९४९ सालीं देतां येत होतें काय? ज्यांच्या घरीं वर्तमानपत्र येत नव्हतें, ज्यांच्यापैकीं कोणाला मोठ्या पत्रांच्या कचेरींत टेबल मिळालेलें नव्हतें, त्यांनीं कोठें लिहावयाचें? बाबासाहेबांनीं १९२० सालीं आपलें पहिलें पत्र काढलें तेव्हां त्याचें नांव 'मूकनायक' ठेवलें, तें उगीच नव्हे. जो समाज पिढ्यान् पिढ्या मुका ठेवला गेला, त्याच्या पाठीवर चाबूक ही चित्रकाराची कल्पना नव्हती, ती आठवण होती. शंकरनें दोन मंत्री काढले. साठ वर्षांनीं पाहणारांनीं दोन समाज पाहिले. मोडतोडीचें समर्थन मी करीत नाहीं. कार्यालय फोडणें हें उत्तर नव्हे. पण उत्तर इतक्या उशिरां व इतक्या रागानें कां आलें, हें समजून घेतल्याशिवाय चित्रकाराच्या स्वातंत्र्याचा जयघोष करणें हेंहि खरें नव्हे.

म्हणून माझा नियम आज मी जरा बदलून सांगतों. विनोद करणारानें केवळ समोरच्या एका माणसाकडे पाहूं नये; त्या माणसाच्या मागें कोण उभे आहेत, आणि त्यांना बोलावयास जागा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. जागा नसेल तर विनोद बंद करणें हा एक उपाय झाला, पण तो दुबळा उपाय आहे. खरा उपाय म्हणजे जागा करून देणें. ज्या वर्तमानपत्रांत रानमांजराला जागा आहे, त्यांत त्याच्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रालाहि असावी. ज्या पाठ्यपुस्तकांत गोगलगाय आहे, त्यांत तिच्यावर स्वार झालेल्या पुरुषाचें भाषणहि असावें.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि वाफेचा. मुलांपासून गंभीर गोष्टी लपत नाहींत. पहिलें पान आपण दुमडून ठेवलें तरी घरांतील कुजबुज त्यांच्या कानांवर जातेच. बी. डी.चा तुटलेला पाय मुलानें पाहिला व 'असें कां झालें?' म्हणून विचारलें, तर तो प्रश्न टाळण्यापेक्षां त्याचें उत्तर देणें बापाला अधिक शोभेल. वाफेचा आक्षेप मात्र मी पुरता खोडूं शकत नाहीं. हसून झाल्यावर चहाचा पेला उचलणारे आपणच आहों. तो दोष चित्रकाराचा थोडा व आपला अधिक आहे. चांगल्या विनोदाची खूण ही कीं, हसूं ओसरल्यावर मनांत एक प्रश्न शिल्लक राहतो. तो प्रश्न घेऊन दिवसाच्या कामाला लागणें, हें वाचकाकडचें काम आहे.

श्रोतेहो, मी येथें पंधरावीस मिनिटें एकटाच बोललों, आणि आपल्याला मध्येंच बोलण्याची सोय नभोवाणीवर नाहीं. जो नियम मीं चित्रकाराला लावला तो वक्त्यालाहि लागूं आहे. तेव्हां माझें म्हणणें ज्यांना पटलें नसेल त्यांनीं तसें पत्रानें अवश्य कळवावें. तीं पत्रें मी आदरानें वाचीन.